पेंढ्याची वही : ऑक्टोबर २०२४ ते जून २०२५

१९ ऑक्टोबर २०२४

आजपासून कापणी. आमच्याकडे भाताचा हिशोब पायलीपर्यंत असतो. किती मण झालं, किती भरडायला गेलं, बियाण्याला किती ठेवलं, सगळं तात्यांना (माझे सासरे) तोंडपाठ. काल त्यांना विचारलं, "तात्या, पेंढा किती होतो आपला?" ते म्हणाले, "वर्षभर पुरतो हो." म्हणजे मोजलेला कधीच नाही. या वर्षी मोजायचा आणि कुठल्या कामाला किती गेला तेही लिहायचं, म्हणून ही वही.

जमीन ५० गुंठे, दापोली तालुक्यात. खालच्या ३० गुंठ्यांत कर्जत ३ हे सुधारित वाण आणि वरच्या २० गुंठ्यांत तांबड्या तांदळाचं गावठी, उंच वाण. कर्जतचं काड माझ्या कमरेच्या खालीच राहतं, गावठीचं छातीला लागतं. गावठीला उतारा कमी, वाऱ्यात लोळतं, तरी तात्या ते सोडत नाहीत. कारण विचारलं तर "पेंढा बघ की त्याचा" एवढंच म्हणतात.

कापणी वैभव विळ्याने (दातेरी विळा), अगदी जमिनीलगत. धसकटात खोडकिड्याच्या अळ्या राहतात म्हणून कृषी विद्यापीठ हे सांगतच आलंय, पण पेंढ्याच्या बाजूने पाहिलं तर वरून कापलेल्या प्रत्येक मुठीमागे वीतभर पेंढा शेतातच राहतो. बायका वाकून दमल्या की हात आपोआप वर जातो. मी आज स्वतः विळा धरला तेव्हा कळलं. दुपारनंतर माझीही धसकटं उंच राहिली होती.

२२ ऑक्टोबर

दुपारी तीनला अभ्राळ आलं आणि अर्धा तास जोराचा पाऊस पडला. खालचं भात काल बांधून पडवीत आलं होतं, पण वरचं गावठी मुठी-मुठी पसरलेलं शेतातच होतं. सगळं भिजलं.

आई (सासूबाई) आणि मी अंधार पडेपर्यंत मुठी बांधावर उभ्या करत होतो, शेंडे वर आणि बुडखे खाली. भाताला कोंब फुटणार नाही असं वाटतं. पेंढ्याचं मात्र सांगता येत नाही.

२४ ऑक्टोबर

वरचं भात सुकलं. त्यातल्या साधारण निम्म्या पेंढ्याचा रंग गेलाय. चांगला पेंढा पिवळसर सोनेरी असतो आणि हातात घेतला तर त्याला गोडसर वास येतो. हा राखाडी झालाय, सांध्यांपाशी काळे ठिपके आलेत आणि वास ओल्या पोत्यासारखा. तात्या म्हणाले, "हा वेगळा ठेव. चांगल्यात मिसळलास तर चांगलाही घालवील."

वेगळा ठेवला. वहीत त्याचं नाव 'काळा'.

२९ ऑक्टोबर

झोडणी दोन दिवस चालली. कर्जत ३ मळणी यंत्रात घातलं, कारण दिवाळी तोंडावर आहे आणि माणसं मिळत नाहीत. गावठी बाकावर हाताने झोडलं.

दोन्हीचा पेंढा शेजारी शेजारी ठेवून पाहिला. यंत्रातला चुरगळून, तुटून बाहेर आला, वीत-दीड वीत तुकडे, त्यात धूळ आणि पळंज (पोचट दाणे). गाईला तो चालतो, पण त्याची पेंढी नीट बांधता येत नाही आणि त्याला दोरीचा पीळही बसत नाही. झोडलेला बुडख्यापासून शेंड्यापर्यंत अखंड आहे. दोरी, मुडा (बियाणं ठेवायचा पेंढ्याचा गोळा), आंब्याची आढी, सगळं या अखंड पेंढ्याचं काम. पेंढ्याचं पुढे काय होऊ शकतं ते खळ्यावरच ठरून गेलं, हे मला आज पहिल्यांदा कळलं. तात्या गावठी का सोडत नाहीत तेही.

पायाने चालवायचं जे जुनं मळणी यंत्र असतं त्यात फक्त लोंब्या फिरत्या ड्रमवर धरतात, काड हातातच राहतं. पुढच्या वर्षी ते भाड्याने मिळतं का पाहायचं. ज्यांच्याकडे कंबाईन हार्वेस्टर येतो त्यांचा पेंढा तर तुकडे होऊन शेतभर विखुरतो. पंजाब-हरियाणात तो जाळतात त्यामागे हेच आहे. भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला दोन-तीन आठवडेच मिळतात, तेवढ्यात विखुरलेला पेंढा गोळा कोण करणार? शिवाय तिकडे गुरांना गव्हाचं भूस घालतात, भाताच्या पेंढ्याला वैरण म्हणून मान नाही. आमच्याकडे तोच शेकड्याने विकला जातो.

१० नोव्हेंबर

वजन केलं. ताणकाट्यावर दहा-दहा पेंढ्यांचा भारा लावून, आणि यंत्रातला पोत्यांत भरून.

कर्जत ३ (यंत्राचा) : १३०० किलो
गावठी, चांगला : ५०० किलो
गावठी, काळा : ४०० किलो

एकूण २२ क्विंटल. भात झालं साडेअठरा क्विंटल. म्हणजे खाचरात जे पिकलं त्यातलं निम्म्याहून जास्त वजन आम्ही आजवर लिहूनच ठेवत नव्हतो.

रात्री बसून आणखी एक हिशोब केला. पिकाने घेतलेल्या पालाशपैकी (पोटॅश) बहुतेक सगळं दाण्यात न जाता काडात राहतं. एक टन भाताच्या पेंढ्यात साधारण १४ ते २० किलो पालाश असतं, नत्र ५ ते ८ किलो, आणि सिलिकॉन ४० ते ७० किलो. माझ्या २२ क्विंटलात ३१ ते ४४ किलो पालाश झालं. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यात ३० किलो असतं. दरवर्षी खाचरातून एक ते दीड पोतं पोटॅश काढून नेतो आणि परत काही देत नाही. गाईचं शेण परत जातं तेवढंच, आणि गोमूत्र, ज्यात पालाश जास्त असतं, ते गोठ्याबाहेर वाहून जातं. ही गोष्ट मला टोचली.

चार सूत्री भात लागवडीत हेक्टरी २ टन पेंढा नांगरून गाडायला सांगितलंय. आमच्या ५० गुंठ्यांना ते १००० किलो होतात. एवढा दिला तर गाय उपाशी राहील. मग वाटणी अशी ठरवली : गाय १०००, आढी २००, भाजीला आच्छादन ३००, अळिंबी (मशरूम) १५, शेतात परत ६००, उरलेला ८५ किरकोळ. आढीचा आणि अळिंबीचा पेंढा काम संपलं की शेतातच जाईल.

१२ नोव्हेंबर

उडवी रचली. खाली चिऱ्यांवर आडव्या फाट्या टाकून माच केला, म्हणजे खालून वारा खेळतो आणि वाळवीला चढायला सोपं जात नाही. पेंढ्या गोल रचायच्या, बुडखे बाहेर, शेंडे आत. मधला भाग नेहमी कडेपेक्षा उंच ठेवायचा, म्हणजे पाणी आत न जाता बाहेरच्या बाजूला निथळतं. तात्यांनी वर चढून रचली, मी खालून फेकत होते. त्यांची सत्तरी उलटलेली आहे, पण पेंढी झेलताना नजर चुकत नाही.

काळ्याची वेगळी लहान उडवी.

१७ नोव्हेंबर

काळ्या उडवीत हात घातला. कोपरापर्यंत आत गेला आणि चटकन बाहेर काढला. आत चक्क गरम होतं, अंगात ताप असलेल्या माणसाच्या पोटाला हात लावावा तसं. पेंढा पूर्ण वाळला नव्हता, तो आतून कुजायला लागलाय आणि ती कुजण्याची उष्णता. लगेच उडवी मोडून खळ्यावर पसरली. मधल्या पेंढ्यांवर पांढरी भुकटी धरली होती. नाक-तोंड बांधून काम केलं, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नये. बुरशीचा पेंढा गुरांनाही नाहीच. काळा सगळाच्या सगळा आच्छादनाला आणि शेताला.

२४ नोव्हेंबर

युरिया प्रक्रिया. नुसत्या भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, आणि सिलिका असल्याने पचायला जड. युरियाच्या पाण्यात मुरवला तर प्रथिनं ७-८ टक्क्यांपर्यंत जातात आणि काड मऊ पडतं.

यंत्राचा १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, पेंढ्याचा थर दिला, झारीने पाणी शिंपडलं, पायाने तुडवलं, परत थर. अंगणातल्या लहान मुलांसारखं आई आणि मी तुडवत होतो. वरून दुसरं प्लास्टिक टाकून कडा मातीने बंद केल्या. २१ दिवस उघडायचं नाही.

युरियाची बादली लगेच विहिरीवर नेऊन धुतली. हे पाणी गुरं प्यायली तर जीव जातो. आईंना आणि शेजारच्या पोरांनाही सांगून ठेवलं.

१५ डिसेंबर

उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं इतका अमोनियाचा वास. रंग तपकिरी, हाताला मऊ. तासभर पसरून वास जाऊ दिला आणि गाईपुढे अर्धी टोपली टाकली. हुंगलं आणि मान फिरवली.

१९ डिसेंबर

साध्या पेंढ्यात थोडा थोडा मिसळून देतेय. आज चौथ्या दिवशी गव्हाण चाटून पुसून ठेवली. सोबत क्षार मिश्रण चालू आहे. पेंढ्यातल्या ऑक्झलेटमुळे चुना अंगी लागत नाही, म्हणून ते हवंच. वासरू चार महिन्यांचं आहे, त्याला हा पेंढा सहा महिन्यांचं होईपर्यंत द्यायचा नाही. दूध वाढलं का? अर्धा लिटर वाढल्यासारखं वाटतं, पण याच आठवड्यात ओला चाराही बांधावरचा मिळाला, त्यामुळे श्रेय एकट्या पेंढ्याला देत नाही.

२९ डिसेंबर

धिंगरी अळिंबी. ताई (नणंद) दोन दिवस आल्यात, त्यांनी प्रशिक्षण घेतलंय.

पेंढ्याचे दोन-तीन इंचाचे तुकडे, रात्रभर पाण्यात. सकाळी चुलीवर मोठ्या पातेल्यात ८० ते ८५ अंशांच्या पाण्यात तासभर. निथळून, थंड करून, मग मुठीत दाबून पाहायचं. हात ओला झाला पाहिजे पण बोटांतून थेंब पडता कामा नये. एवढ्या एका खुणेवर सगळं अवलंबून, असं ताई तीनदा म्हणाल्या. पिशवीत थर, त्यावर कडेने बियाणं, परत थर. ओल्या वजनाच्या २ टक्के बियाणं, ४५ किलोला साधारण ९०० ग्रॅम. बारा पिशव्या झाल्या.

माझी चूक इथे लिहून ठेवते. दहा पिशव्यांना चांगला पेंढा पुरला. शेवटच्या दोन भरायच्या राहिल्या तेव्हा उडवीवर चढायचा कंटाळा केला आणि खळ्यावर पडलेला काळा घेतला. उकळतोच आहोत, काय फरक पडतो असं वाटलं.

१० जानेवारी २०२५

फरक पडला. दहा पिशव्यांत पांढरं जाळं पसरतंय. काळ्याच्या दोन्ही पिशव्यांत हिरवी बुरशी, शेवाळासारखी. बाकीच्यांना लागू नये म्हणून दोन्ही लगेच बाहेर काढून लांब पुरल्या. ताईंना फोन केला, त्या रागावल्या नाहीत, "पुढच्या वेळी कंटाळा आला तर पिशव्याच कमी भर" म्हणाल्या.

२२ जानेवारी

पिशव्या फाडून सहा दिवस झाले. पहिली तोडणी. प्लास्टिक काढल्यावर पेंढा सुटत नाही, बुरशीच्या धाग्यांनी बांधलेला पांढरा ठोकळा उभा राहतो. एका पहाटे त्याच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके होते, तीन दिवसांत तळहाताएवढ्या शिंपल्या झाल्या. अंधाऱ्या न्हाणीघरात ते पाहत मी बराच वेळ उभी होते. ज्या काडाला गाय कशीबशी पचवते त्यातून हे उगवतं.

आज साडेतीन किलो. आईंनी निम्मी वाटून टाकली, निम्मीची भाजी, ओलं खोबरं घालून.

१ फेब्रुवारी

पाच गुंठ्यांत मिरची आणि वांगी. काळा ३०० किलो सरींवर पसरला, चार बोटं जाड. शेवटच्या दोन सरी मुद्दाम उघड्या ठेवल्या.

२० फेब्रुवारी

उघड्या सरींना एक दिवसाआड पाणी द्यावं लागतं. झाकलेल्यांना चौथ्या दिवशी दिलं तरी पेंढा बाजूला केल्यावर माती ओली, थंड. तणही नावाला. दोन ठिकाणी वाळवी लागली, पेंढा खोडाला टेकला होता तिथेच. खोडाभोवती वीतभर मोकळं ठेवलं. काळ्या पेंढ्याचं खरं काम हे होतं.

९ मार्च

अळिंबी संपली. तीन तोडण्या मिळून नऊ किलो. उरलेले ठोकळे फोडून गांडूळ खताच्या खड्ड्यात.

गोठ्याची पश्चिमेची भिंत पावसाने खाल्ली होती, ती लिंपली. लाल माती, शेण, बोटभर कापलेला पेंढा, पाणी घालून आठ दिवस कुजत ठेवलं होतं. कोपऱ्यात हातभर जागा बिनपेंढ्याच्या चिखलाने लिंपून पाहिली.

१४ मार्च

बिनपेंढ्याच्या जागेला वाळून भेगा, त्यात नख जातं. पेंढ्याचा गिलावा अखंड. कोपरा परत लिंपला.

२२ एप्रिल

आढी. माझ्या मते पेंढ्याचं सगळ्यात नाजूक काम.

हापूस झेल्याने (आंबे उतरवायची जाळीची काठी) काढला, चौदा आणे तयार, दोन इंच देठ ठेवून. देठ तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि तिथे साल काळी पडते. माजघराच्या जमिनीवर गावठीचा चांगला पेंढा वीतभर जाड पसरला. त्यावर आंब्यांचा एक थर, एकमेकांना न टेकता, मग पेंढा, परत थर. तीन थरांवर थांबायचं, नाहीतर खालच्या फळावर भार येतो.

पेंढा निवडायला आई बसल्या. प्रत्येक पेंढी नाकाशी नेत होत्या. जराही कुबट असली की मागे टाकत. "आंबा पेंढ्याचा वास धरतो गो," म्हणाल्या. २०० किलो धरले होते, त्यातले तीस त्यांनी नापास केले. यंत्राचा पेंढा मी पुढे केला तर हातही लावला नाही. तो दबून सपाट होतो, मध्ये हवा राहत नाही. अखंड काड पोकळ असतं, फळाला गादीही होते आणि वाराही राहतो. आंबा स्वतःचा वायू सोडतो आणि त्या उबेत सगळीकडून सारखा पिकतो. झटपट रंग आणण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी बाजारात तसला आंबा येतोच. वरून पिवळा, आत आंबट.

१ मे

रोज सकाळी पेंढा बाजूला करून एक एक फळ पाहतो. डागी निघालं की लगेच बाहेर. आज माजघराचं दार उघडलं आणि दारातच वास आला. हे (माझे पती) मुंबईहून सुट्टीवर आलेत, चप्पल काढायच्या आधी आत गेले. पहिल्या पेट्या परवा जातील, त्यांतही हाच पेंढा, तळाला आणि थरांमध्ये.

१८ मे

आढी उठली. पेंढा झटकून, ऊन दाखवून वरच्या खाचराच्या बांधावर नेऊन ठेवला. शेतात द्यायचा साठा, मोजून ५८० किलो. ठरवल्यापेक्षा वीस कमी.

२६ मे

पाऊस! मान्सून आज मुंबईत पोहोचला म्हणे, पंच्याहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. आमच्याकडे तर आधीपासूनच कोसळतोय. तालुक्यात कित्येकांची वैरण उघड्यावर भिजली. आमच्या उडवीत अजून गाईचे तीस-चाळीस दिवसांचे पेंढे आहेत. छत्री घेऊन गेले, हात घातला. वरचा बोटभर थर ओला, आत कोरडं आणि थंड. तात्यांना सांगितलं. त्यांनी फक्त मान डोलावली.

शेतातल्या साठ्यावर काही झाकलं नव्हतं. तो भिजला तर बरंच, लवकर कुजेल.

४ जून

पहिली नांगरट. पेंढा पसरून चिखलात गाडला, ५८० किलो. कच्चा पेंढा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात, म्हणून लावणीच्या आधी महिनाभर तरी गाडायला हवा. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला लावणीच्या वेळी देणार. वरच्या खाचरात एक पट्टा पेंढ्याविना ठेवलाय, दगड लावून खूण केली. दोन्हीकडचं भात वेगळं झोडायचं.

७ जून

आज मुडा सोडला. नोव्हेंबरात तात्यांनी बांधला होता, गावठीचं वीस किलो बियाणं. तेव्हा नोंद करायची राहिली, म्हणून आता लिहिते. लांब पेंढा चारी बाजूंना पसरवायचा, मध्ये बियाणं ओतायचं, पेंढा वर ओढून घ्यायचा आणि पेंढ्याच्याच दोरीने आवळत, बडवत गोल करायचा. मग चुलीवरच्या माळ्यावर. धुराने बाहेरून काळा झालाय.

मी कापायला कोयती आणली तर तात्या म्हणाले, "कापू नको, सोडव." दोरीचं टोक सापडायला पाच मिनिटं लागली. मग फेऱ्यामागून फेरा सुटत गेला. दोरी मोजली, अठ्ठावीस हात, कुठेही गाठ नाही. आतलं बियाणं कोरडं खडखडीत, सोंड्याचा (धान्यातला किडा) मागमूस नाही. मिठाच्या पाण्यात टाकलं (१० लिटरला ३०० ग्रॅम), तरंगलेलं काढलं, धुतलं. आठवड्यापूर्वी कडेचे शंभर दाणे काढून ओल्या फडक्यात ठेवले होते, त्यातले त्र्याण्णव उगवलेत.

दोरी गुंडाळून खुंटीला लावली. मुड्याचा आतला पेंढा सहा महिन्यांनीही पिवळा होता. गाईपुढे टाकला, तिने खाल्ला.